मोनाच्या नावाची टाचणी

राजनंदिनीच्या बाहुल्यांची घरात कुणाला अडचण नव्हती, कारण त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दुमजली घराच्या माडीवर भिंतीभर काचेचं कपाट, आणि त्यात दाटीवाटीने उभ्या दीडशेवर बाहुल्या. लग्न होऊन आजऱ्याहून आली तेव्हा आईने जुन्या लुगड्याची शिवून दिलेली चिंधीची एक बाहुली तेवढी ट्रंकेत होती. बाकीच्या गेल्या वीस-बावीस वर्षांत जमल्या. कुणी तिरुपतीला निघालं, कुणी काश्मीरला, कुणी नुसतं नृसिंहवाडीला, की ही दारात उभी. "येताना माझी बाहुली आणा." लोक हसायचे आणि आणायचे. मूलबाळ नाही, असू दे बाईला एवढा नाद, असं त्यांच्या मनात असायचं. राजनंदिनीला ते कळायचं आणि त्याचा मनस्वी राग यायचा. परकरी पोर होती तेव्हापासून तिला बाहुल्यांचं वेड होतं. त्याचा संबंध रिकाम्या कुशीशी लोकांनी लावला, तिने नाही.

कपाटाकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते मोनाने. मोना तिची धाकटी जाऊ, दिराची, विजयसिंहची बायको. लग्नानंतर दोघं जयपूरला जाऊन आली आणि मोनाने स्वतःहून, कुणी न सांगता, घेरदार घागऱ्याची एक बाहुली आणून थोरल्या जावेच्या हातात दिली. तिथून दोघींचं जमलं ते जमलंच. दुपारची कामं उरकली की मोना माडीवर यायची, एकेक बाहुली खाली काढायची आणि विचारायची, "अक्का, ही कुणाची?" मग राजनंदिनीच्या तोंडाला जी धार लागायची, ती चहाची वेळ टळेपर्यंत. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं हो.

मोनाला दिवस गेले आणि तिसरा महिना सरला, तेव्हा तिनेच टूम काढली. पेठेतल्या महिला मंडळाचं नवरात्रात प्रदर्शन असतं. तिथं बाहुल्या मांडायच्या, आणि नुसत्या मांडायच्या नाहीत, प्रत्येकीला चिठ्ठी लावायची. कुणी दिली, कुठून आणली, कधी आणली. राजनंदिनी आधी नको नको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जाड कागद आणि टाचण्यांची डबी घेऊन आली. माणसाचं असंच असतं. लाजतही असतं आणि वाटही बघत असतं.

चिठ्ठ्या लावायच्या कशा, यावर दोघींनी फार डोकं चालवलं. गोंद लावावा तर कापडाला डाग पडून कसर लागते. दोरा बांधावा तर एकीचा दुसरीत गुंततो. शेवटी टाचणीच बरी ठरली. मागच्या गल्लीतल्या हुस्नाभाभी शिवणकाम करायच्या. त्या हातमशीन घेऊन माडीवरच येऊन बसल्या आणि उसवलेले परकर, विटलेल्या चोळ्या नीट करू लागल्या. पितरपाट, म्हणजे पितृपंधरवडा, सुरू झाला होता. आत्ती, म्हणजे सासूबाई धोंडुबाई, जिन्याखालून ओरडल्यासुद्धा, "पितरपाटात ही कसली खुळं काढून बसलाईसा गं?" वरून तिघी खुदखुदल्या.

जयपूरच्या बाहुलीची पाळी आली तेव्हा राजनंदिनीने चिठ्ठी लिहिली, 'मोना, जयपूर'. टाचणी उचलणार तोच मोनाने ती काढून घेतली.

"माझी मी लावतो की, अक्का."

ओढणी तलम, तिला टाचणीने ओरखडा पडला असता. छातीवर आरशांचं काम. मोनाने इकडे तिकडे चाचपून बघितलं आणि कमरपट्ट्याखाली, जिथं भुसा घट्ट भरला होता, तिथं चिठ्ठी ठेवून टाचणी आत ढकलली. "हितं बरी बसली," ती म्हणाली. बरीच बसली होती. बाकीच्या बाहुल्यांनाही मग त्यांनी जिथं भुसा घट्ट लागेल तिथं टाचण्या लावल्या. कुणाला पोटाशी, कुणाला मांडीला, लाकडी असेल तर नेसवलेल्या लुगड्याच्या निरीला. संध्याकाळी कपाट भरलं तेव्हा राजनंदिनीला वाटलं, आपलं आयुष्य पहिल्यांदा कुणीतरी नीट लावून ठेवलं.

त्याच आठवड्यात मोनाचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, बाळाचे ठोके आधीच थांबले होते, असं कधी कधी होतं, यात कुणाचाही दोष नसतो. विजयसिंहने मान हलवली, सयाजीने, म्हणजे राजनंदिनीच्या नवऱ्यानेही हलवली. आत्तींनी हलवली नाही. पहिल्या नातवंडासाठी त्यांनी मऊ सुती पातळं जपून ठेवली होती, दुपट्यांना. दोष कुणाचा नाही म्हटल्यावर त्या बाईने आपलं दुःख कुणाच्या अंगावर घालायचं?

मोनाला घरी आणलं. ती हाडं गारठल्यासारखी कुडकुडत होती म्हणून आत्ती गोधडी काढायला माडीवर गेल्या. गोधड्या बाहुल्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात असायच्या. आत्तींनी दिवा लावला आणि वर बघितलं. रांगेने बाहुल्या. प्रत्येकीच्या अंगात टाचणी, आणि टाचणीखाली माणसाचं नाव.

त्यांची किंकाळी गल्लीत ऐकू गेली.

राजनंदिनी धावत वर गेली तेव्हा आत्ती जयपूरची बाहुली हाताला पदर गुंडाळून धरून उभ्या होत्या. "नाव मोनाचं. टाचणी पोटात," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "नंदिने, काय केलंस हे?"

"आत्ती, चिठ्ठ्या हाईत त्या. प्रदर्शनाच्या. कुणी दिली ते लिवलंय."

"करणी म्हंत्यात ह्याला! शेंबडं पोरगं बी सांगंल!"

मग एकेक बाहुली खाली येऊ लागली. नाव असलेल्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी काहीतरी झालेलं असतंच. ज्याला काहीच झालं नाही असा माणूस कोल्हापुरात कुठून आणायचा? आत्तींचे भाऊ आकाराम मामा, त्यांच्या बाहुलीला मांडीत टाचणी होती, आणि मामा गेल्या वर्षी मोटरसायकलवरून पडून पाय मोडून घेऊन बसले होते. टाचणी गेल्या आठवड्यातली आणि पाय गेल्या वर्षीचा, हे राजनंदिनीने सांगून बघितलं. कुणी ऐकलं नाही. खुद्द धोंडुबाईंच्या नावाची तिरुपतीची बाहुली निघाली, टाचणी निरीत, गुडघ्याच्या उंचीवर. आत्तींनी आपल्या दुखऱ्या गुडघ्याला हात लावला.

"मोनाची कुणी टोचलीस? तुझ्या हातानं?"

त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर राजनंदिनीच्या अगदी जिभेवर होतं. मोनाने स्वतः लावली. एवढं बोलली असती तर ती सुटली असती. तिने तोंड उघडलं, आणि खालून मोनाचं कण्हणं ऐकू आलं. तिला लख्ख दिसलं, हे वाक्य एकदा बाहेर पडलं की जिना उतरून खालीच जाणार. घरात करणी झाली यावर आत्तींचा विश्वास बसला होता; तो आता हलणार नव्हता, फक्त हात बदलला असता. आईने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटाला टोचलं, असं झालं असतं. आणि ती पोर आयुष्यभर ते घेऊन बसली असती.

"मीच," राजनंदिनी म्हणाली. "पण आत्ती, त्यात वाईट काय बी न्हवतं."

दुसरं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही.

पुढचे दिवस काय सांगावेत? पाण्याच्या माठाला तिने हात लावायचा नाही, मोनाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. विजयसिंह, ज्याला तिने शाळेचे डबे भरून दिले होते, तो तिच्यासमोरून मान खाली घालून जायचा. शेजारणी तिला बघून नातवंडांना आत बोलवायच्या. तिला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, कापड आहे ते, कापड आणि भुसा! पण ओरडणाऱ्या बाईला तर लोक आधीच ओळखून असतात.

हुस्नाभाभी मागच्या दाराने आल्या, संतापून. "वैनी, मी सांगतो की सासूबाईस्नी. माझ्या डोळ्यांदेखत मोनानं लावली. तुमी कशापायी मरायलाय?"

"भाभी, तुमास्नी तुमच्या लेकरांची आण हाय. एक अक्षर काढायचं न्हाय."

"खरं ते सांगायला काय जातंय?"

"मोना जाईल," राजनंदिनी म्हणाली आणि रडायला लागली. हुस्नाभाभींनी तिला जवळ घेतलं. मग पदराने तिचे डोळे पुसले आणि मागच्याच दाराने त्या निघून गेल्या.

सयाजी भला माणूस. त्याचा करणीवर विश्वास नव्हता आणि आईपुढं बोलायची हिंमतही नव्हती. आत्तींनी ठरवलं, सगळ्या बाहुल्या नृसिंहवाडीला नेऊन संगमात सोडायच्या, आणि टोचल्यास तशा टाचण्या तूच उपटायच्या. तो बायकोला म्हणाला, "सोड जाऊ दे. नव्या आणू की आपण." आईच्या लुगड्याची बाहुली हा कोणत्या दुकानातून आणणार होता?

नृसिंहवाडीच्या घाटावर पाणी अजून गढूळ होतं. सयाजीने पोती उतरवली. राजनंदिनी पायरीवर बसून एकेक बाहुली घ्यायची, टाचणी काढायची, चिठ्ठी काढायची आणि पाण्यात सोडायची. चिठ्ठी वाचायची तिला गरज नव्हती. एक नावाडी जवळ येऊन सयाजीला म्हणाला, "पावणं, काय टाकायलाईसा नदीत? पाणी घाण हुतंय की." आत्ती त्याच्यावर खेकसल्या, "घरातली पीडा हाय, बाबा! जा तू!" तो आपल्या नावेकडे गेला.

चिंध्यांच्या बाहुल्या पाणी पिऊन हळूहळू बुडाल्या. लाकडी मात्र बुडेनात. त्या तरंगत घाटाशी परत यायच्या, पायरीला टक्कर द्यायच्या, तोंडं वर करून. सयाजी काठीने त्यांना लोटत होता आणि त्या पुन्हा येत होत्या. एका छोट्या मुलीने वाकून एक उचलली, तशी तिच्या आईने तिच्या हातावर फटका मारून ती पाण्यात फेकली. आईच्या लुगड्याच्या बाहुलीला टाचणी नव्हती. तिला कुणाचं नाव लावायचं, हे ठरलंच नव्हतं. ती राजनंदिनीने आपल्या हाताने पाण्याखाली धरली, बुडेपर्यंत.

जयपूरची शेवटी आली. टाचणी जराशी गंजली होती. उपसली तेव्हा कापडाला बारीक भोक राहिलं. राजनंदिनीने ते अंगठ्याने चोळलं आणि नकळत त्यावर फुंकर घातली, पोराला लागल्यावर घालतात तशी. मग ती दचकली. इतके दिवस ती जगाला सांगत होती की हे नुसतं कापड आहे.

दुपारी ती सगळी घरी आली. आत्ती मोरीत पाय धुवत होत्या. खोलीतून मोनाने हाताने खूण केली तशी राजनंदिनी उंबरा ओलांडून आत गेली. मोना अर्धी झाली होती. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या पोटात चहाशिवाय काही टिकलं नव्हतं. तिने राजनंदिनीचा हात धरला.

"अक्का, त्या दिवशी हुस्नाभाभी शिवत बसल्यात्या. चिठ्ठी माझ्या हातात हुती." ती थांबली. "टाचणी मीच लावलीती न्हवं? डोळं मिटलं की माझीच बोटं दिसत्यात मला."

व्हय, तूच लावलीस, आणि टाचणीने काही होत नसतं, येडे. हेच उत्तर खरं होतं आणि हेच शहाणपणाचं होतं. पण राजनंदिनीने तिचे डोळे बघितले. त्या डोळ्यांत शहाणपणाला जागा नव्हती.

"न्हाय. तू चिठ्ठी धरलीतीस. टाचणी मी लावली."

"खरं सांगताय?"

"आत्ता वाडीस्नं आलोय. दत्ताची आण."

मोना तिच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या, खांदे खाली आले आणि कोंडलेला श्वास तिने सोडला. राजनंदिनीला इतकं बरं वाटलं की ती हसणारच होती. तेवढ्यात मोनाने आपला हात तिच्या हातातून काढून घेतला. रागाने नाही, जपून.

"तुमी आता भाईर जावा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. अक्का म्हणाली नाही.

थोड्या वेळाने आतून मोनाने भूक लागल्याचं सांगितलं. राजनंदिनी धावत स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीच्या पिठासाठी पाणी कोमट करून ओट्यावर ठेवलं. आत्तींनी ते भांडं उचलून मोरीत ओतलं. "तू सर. मी थापतो," त्या म्हणाल्या आणि दुसरं पाणी ठेवलं. राजनंदिनी दाराआड जाऊन उभी राहिली. आत्ती ताट घेऊन आत गेल्या. मग मोनाचा आवाज आला, पहिल्यासारखा, लाडिक.

"आत्ती, आणि अर्धी भाकरी द्या की."