पहिल्या गिअरची स्प्रिंग

त्या साली कापूस माणसांच्या घरात शिरला होता. भाव पडलेला, विकायला कुणाचं मन होईना, आणि ठेवायला जागा नाही. वणीला जैनबबीच्या पुढच्या खोलीतसुद्धा किसनरावांचा कापूस आढ्यापर्यंत भरला होता. किसनराव जवळच्या गावचे, तिच्या नवऱ्याचे जुने स्नेही. त्यांच्या स्वतःच्या घरात चूल तेवढी मोकळी राहिली होती. दार उघडलं की उन्हाच्या तिरिपेत तंतू तरंगत. दुधाच्या सायीवर तंतू, नमाजाच्या चटईवर तंतू, जैनबबीच्या भुवयांवर तंतू. सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ तिला वाटत राही की आपण अजून झोपेतच आहोत.

तिचा नवरा युनूस मिस्त्री होता. कोळशाच्या खाणीवर वर्कशॉपात असताना त्याच्या उजव्या हाताची बोटं जॅकखाली सापडली. बोटं वाचली, त्यांतली जाण गेली. नोकरी सोडल्यावर त्यानं आणि देवीलालनं भागीदारीत लिलावातला एक ट्रक घेतला. देवीलाल तांड्यावरचा. खाणीतल्या रस्त्यावर पाणी मारायला हाच ट्रक त्यानं वर्षानुवर्षं चालवला होता. त्या ट्रकला क्लचचं पेडल नव्हतं; गिअर आपले आपण बदलत. पाण्याची टाकी उतरवून दोघांनी मागं फळ्यांचा हौदा बसवला आणि गावोगावचा कापूस जिनिंगच्या कारखान्यात नेऊ लागले.

ट्रक म्हातारा झाला होता. गिअर बदलताना एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही, अशी एक वेळ यायची. इंजिन नुसतंच ओरडायचं आणि गाडी तरंगल्यासारखी व्हायची.

"झोक्यात बसल्यावानी वाटते, मिस्त्री," देवीलाल म्हणायचा. त्याला ते फार आवडे.

पण थंडीच्या दिवसांत, भरल्या हौद्यानं एका चढावर गाडी अशीच तरंगली आणि मागं घसरू लागली. किसनराव वर कापसावर बसले होते. देवीलालनं ब्रेक मारला, मागचं चाक रस्त्याच्या काठावर थांबलं, किसनराव गळ्यापर्यंत कापसात रुतले. बाहेर आले ते हसतच. युनूस मात्र हसला नाही.

"गिअरच्या प्लेटा जळून राह्यल्या," तो घरी येऊन जैनबबीला म्हणाला. "गिअर धरते, पन लय हळू धरते. तेलाचा जोर वाढवाव लागन."

खालचं तेलाचं पॅन उघडून, लाल तेल उतरवून त्यानं गिअरबॉक्सच्या पोटातून व्हॉल्व्ह बॉडी काढली. पाटाएवढा ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा. आतून सगळ्या नाल्याच नाल्या. या नाल्यांतून तेल कुठं जोरानं, कुठं हळू जातं, आणि त्यावर गिअर ठरतो. स्प्रिंगा कडक करायच्या, मधल्या पत्र्याची भोकं थोडी मोठी करायची, म्हणजे तेल एकदम जाऊन प्लेटा गच्च धरणार. युनूसला सगळं ठाऊक होतं, पण मुक्या बोटांत बारीक स्प्रिंग थांबत नव्हती. म्हणून जैनबबीनं हात दिला. ती रजया शिवायची. तिच्या बोटांना बारीक कामाची सवय होती. दोघांनी मागच्या खोलीत बसून सगळं जुळवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक दुसऱ्या गिअरमध्येच अडकला. उघडून पाहिलं तर एका व्हॉल्व्हच्या कडेला कापसाचा एकच तंतू वेटोळा घालून बसला होता. तो काढून पुन्हा बसवलं, तर तसाच दुसरा शिरला.

"या गावात हे काम होनार नाई," युनूस म्हणाला. "अख्खी हवाच कापसाची झाली."

देवीलालनं विचार केला. "झरीकडं बेबीताईचं घर हाय. डोंगरावर, कोलामांच्या पोडावर. तिथं नुसती ज्वारी आन बांबू. कापसाचं बोंडसुद्धा नाई."

रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्येच रखडत, बैलगाडीच्या चालीनं तिघं निघाले. मुकुटबन गाव मागं पडलं आणि सागाचं रान लागलं. जैनबबी इतक्या वर्षांत या बाजूला कधी आली नव्हती. पानगळ सुरू झाली होती. मोठमोठी वाळकी पानं काचेवर येऊन टेकत आणि सरकून जात. तिनं श्वास घेतला तर नाकात काही गुदगुल्या झाल्या नाहीत. हवेत काहीच नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या डोळ्यांवरचा पडदा धुऊन वाळत घातला आहे.

बेबीताई कोलामांच्या त्या लहानशा वस्तीत, आपल्या घरात एकटीच राहत असे. देवीलाल बांबू न्यायला येई तेव्हापासूनची ओळख. तिनं काम ऐकून घेतलं, काही विचारलं नाही. खोली सारवून दिली, भिंतीशी पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "बाई, तू बस. कोंबड्या मी बाहेर ठेवतो."

जैनबबीनं जुनी नायलॉनची साडी अंथरली. पुसायलाही त्याच साडीचे तुकडे आणले होते. सुती चिंधी एकसुद्धा घेतली नव्हती. एकेक व्हॉल्व्ह रॉकेलनं धुऊन तिनं ओळीनं मांडला. युनूसनं डाव्या हातानं पत्र्याची भोकं मोठी केली, मग तो तेलाचं पॅन साफ करायला ट्रकखाली गेला. जाताना त्यानं दोन नव्या, कडक स्प्रिंगा तिच्यापुढं ठेवल्या.

"दोनी बसव. जुन्या काढून टाक."

देवीलाल दाराशी रेंगाळला.

"भाबी, इतकी कडक नोका करू. बसल्या जागेवरून उठताना म्हाताऱ्या जनावराले काठी नाई मारत कोनी. चढावर मारा बापा, चढावर काही म्हननं नाई."

तो गेला. कुडाच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या आणि त्यांत काहीही तरंगत नव्हतं. नाल्या चमकत होत्या. एखादी सरळ जाऊन वळे, एखादी दुसरीच्या पाठीमागं दडे, एखादी कुठंच न जाता थांबे. जैनबबी बोटानं एकीच्या मागं निघाली. बोट वळलं तशी तीही वळली. तिला दिसू लागलं की आपणच त्या नालीतून चाललो आहोत, दोन्ही बाजूंना चांदीचे उंच बांध, पायाखाली लाल कोमट पाणी, आणि पुढं कुणीतरी दार धरून उभं आहे, आपण पोचलो की उघडायला. दारामागं मोठी, जड गाडी उठायची वाट पाहते आहे. ते दार धाडकन उघडावं असं तिला वाटेना.

भानावर आली तेव्हा हातात स्प्रिंग होती. दुसऱ्या गिअरच्या जागी तिनं कडक बसवली. पहिल्याच्या जागी जुनी, मऊ स्प्रिंगच परत ठेवली. पोलादाच्या बारीक गोळ्या व्हॅसलीनमध्ये चिकटवून आपापल्या खड्ड्यांत बसवल्या आणि नवऱ्याला हाक मारली.

दुपार कलताना गाडी सुरू झाली. देवीलालनं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. ट्रक झोपेतून उठावा तसा हलला. पोडामागच्या चढावर गेला आणि खट्! पाठीवर कुणी थाप द्यावी तसा गिअर पडला. ओरडणं नाही, तरंगणं नाही. ट्रक चढून वर गेला.

युनूस काही वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "पहिला काहून मऊ हाय?"

"जुनीच स्प्रिंग ठेवली मी."

"मी दोनी सांगतल्या होत्या नं?"

"हो. मले तसं वाटलं नाई. उठताना सावकाश उठू द्या तिले."

बेबीताईचा निरोप घेतला, उतार संपला, नाला ओलांडला, तरी युनूसचा कान गिअरबॉक्सकडंच होता. देवीलाल रस्त्याकडेच बघत राहिला. जैनबबीला वाटलं, चुकलंच आपलं; आता पुन्हा सगळं उघडावं लागणार. मग युनूसनं आपला उजवा हात गिअरबॉक्सवरच्या पत्र्यावर ठेवला. मुका हात, पण मनगटापर्यंत काहीतरी पोचत असावं.

"राहू दे," तो म्हणाला. "बरी उठते. मी कडक केली असती तं खालच्या दांड्याचा जॉइंट तोडला असता तिनं एखाद्या दिवशी."

देवीलाल मोठ्यानं हसला आणि त्यानं रानातल्या सपाट वाटेवर गाडी थांबवली.

"भाबी, इकडं या. तुमी बसा."

"मी? मले कुठी येते?"

"क्लच नाई, काही नाई. पाय ठेवाचा आन समोर पाहाचं. बाकी तं तुमीच करून ठेवलं हाय नं आतमंदी."

तिनं युनूसकडं पाहिलं. तो आधीच सरकून तिला जागा करून देत होता. जैनबबीनं पदर खोचला, स्टिअरिंगचं चाक धरलं. चाक तिच्या अंदाजापेक्षा हलकं होतं. तिनं पाय हळूच दाबला आणि सागाची झाडं दोन्ही बाजूंनी मागं जाऊ लागली, सुरुवातीला एकेक, मग एकत्र. दुसरा गिअर पडला तेव्हा तो तिला कंबरेत कळला. कुठली नाली, कुठलं भोक, कुठली गोळी उचलली गेली, सगळं. ती खळखळून हसली. आपलं असं हसणं तिनं फार दिवसांनी ऐकलं.

"डाव्या अंगानं राहू दे," युनूस म्हणाला.

"राह्यते," ती म्हणाली, आणि पाय थोडा आणखी दाबला.