खुणेचा तांब्या

२०१७ सालचा चैत्र. महाडच्या डायलिसिस केंद्रातल्या वजनकाट्यावर येसाजी उभा राहिला आणि डॉक्टर आमोद यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तीन दिवसांत पाच किलो! मूत्रपिंडं काम करत नाहीत, प्यालेलं सगळं अंगातच साठतं, किती वेळा सांगू? सगुणाबाई, खरं सांगा, चोरून पाणी देता ना?"

"दिसाला तांब्याभर. त्याच्या वर थेंब नाय. म्हशीच्या पाठीवर हात ठिवून सांगते."

"मंगळवारी पुन्हा एवढंच भरलं तर छातीत पाणी जाईल. मग मुंबईला हलवावं लागेल."

"मुंबईला नाय जायाचा," येसाजी पुटपुटला.

सगुणाबाईने तांब्याची पिशवी पोटाशी धरली. दर मंगळवार-शुक्रवार पहाटे पोलादपूरच्या वरची डोंगरावरची वाडी उतरून ती नवऱ्याला एसटीने इथे आणायची. चाळीस वर्षं तिने पोलादपुरात दूध घातलं, दुधात कधी पाणी घातलं नाही. आणि आज नवऱ्याच्या पोटात पाणी घातल्याचा आळ!

येसाजीच्या हाताला सुई लावता लावता अस्मिता सिस्टरने विचारलं, "काका, काल दिवसभर काय काय घेतलंत?"

"सकाळी पेज जेवलो. दुपारी भाकरी नि ताक. सांजच्याला परत पेज."

"किती पेज?"

"दोन वाडगे. भूक आसली तर तीन."

अस्मिताचा हात थांबला. "काकी, ही पेज पाण्यात नाही धरलीत?"

"पेजंला पानी कोन म्हनतं गो? पानी पितात. पेज जेवतात!"

शेजारच्या खाटेवर नाते गावची चंद्रभागा होती. "आनि ताक?" तिने खोचकपणे विचारलं.

"ताक म्हंजी ताक!"

चंद्रभागा खदखदून हसली. अस्मिता हसली नाही. "चूक आमची, काकी. 'पाणी कमी प्या' एवढंच आम्ही सांगत राहिलो." तिने सगुणाबाईच्या पिशवीतला पितळी तांब्या घेतला, मापाने पाऊण लिटर पाणी ओतलं आणि कात्रीच्या टोकाने आतून चरा ओढला. "पेज, चहा, ताक, आमटी, सगळं मिळून दिवसाला एवढंच."

"मला कुठं मोजाया येतं?"

"तांब्याला येतं."

वाट सगुणाबाईनेच काढली. सकाळी खुणेपर्यंत तांब्या भरायचा. येसाजी कपभर चहा प्याला की तेवढं पाणी तांब्यातून काढून म्हशीच्या घमेल्यात ओतायचं. तांब्यात उरलं तेवढंच त्याचं.

"माझ्या वाटचं पानी म्हशीला घालतेस?"

"तुमी चा प्यालाव. आता तिची पाळी."

दुपारी तिने पेजेचा वाडगा पुढे ठेवला आणि तांब्या कलता केला. येसाजीने आधी तांब्यात पाहिलं, मग वाडग्यात. "ने ती पेज. कोरडी भाकरी दे."

रविवारी उन्हाने कातळ तापला होता. तांब्या कधीच रिकामा झाला होता. "एक घोट, गो," येसाजी म्हणाला. जीभ टाळ्याला चिकटली होती. तिचा हात हंड्याकडे गेला. मग तिने चूळभर पाणी दिलं आणि तो ते थुंकेपर्यंत समोर उभी राहिली. त्या चार दिवसांत तिनेही त्याच्यासमोर पाणी प्यायलं नाही.

मंगळवारी अस्मिता काट्याकडे वाकली. "दीड! फक्त दीड किलो!"

डॉक्टरांना खरं वाटेना. ते स्वतः काट्यावर चढले. "काटा बरोबर आहे."

"मग तुमीच पेज कमी करा, डॉक्टर!" चंद्रभागा ओरडली आणि सगळ्या खाटा हसल्या.

डॉक्टरांनी तांब्या हातात घेऊन आतला चरा पाहिला. "सगुणाबाई, मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलो."

"द्या हिकडं," ती म्हणाली. "खून पुसंल."

पण तिची मान त्या दिवशी ताठ होती.

डॉक्टर आमोद पुढे पुण्याला गेले. चंद्रभागेला थोरल्या बहिणीने मूत्रपिंड दिलं. ती आता कलिंगडाची अख्खी फोड खाते आणि बहिणीला दुसरी देते. अस्मिता अजून महाडलाच आहे. नवा रुग्ण आला की "किती पाणी पिता?" असं ती विचारत नाही, "पातळ काय काय पोटात जातं?" असं विचारते. आणि घरून तांब्या आणायला सांगते.

येसाजी आणखी सात वर्षं जगला. मुंबईला गेला नाही. नातीच्या, गौतमीच्या लग्नात मांडवाला पहिली मेढ त्यानेच रोवली. शेवटच्या सकाळी तो आपल्या ओटीवरच होता, म्हशीच्या हाकेच्या अंतरावर. सगुणाबाईने तांब्या घेतला. खुणेपाशी हात थांबला नाही. तिने तो काठोकाठ भरला आणि त्याच्या ओठांशी धरला.