ठणठणीत दोर

“मिस्त्री, लिफ्ट का बंद केलीत?” इस्पितळाचे सुपरवायझर धापा टाकत गच्चीवरच्या यंत्रखोलीत शिरले.

“दोराचा आवाज आला, साहेब,” लिफ्टचा मिस्त्री म्हणाला.

दोर ठणठणीत होता, सकाळीच तपासलेला. लिफ्टच्या पोकळीतून फक्त मिस्त्रीच्या लेकीचा आवाज वर आला होता, “दार ओढा हो!” ती इथंच नर्स होती. ती आत आहे हे कळताच त्याच्या छातीत धडधडलं, तळहात भिजले आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली.

सगळे त्याला शंकासुर म्हणत, पण कौतुकानं. काळजी हा त्याच्या धंद्यात गुणच. ढिला नट सापडला, आवळला, की काळजी मिटायची. अलीकडे मात्र भलतंच काहीतरी मागं लागलं होतं, ज्याला आवळायला नटच नव्हता. बायको म्हणायची, “मन चिंती ते वैरी न चिंती!” तो हसण्यावारी न्यायचा.

हातानं चाक फिरवून त्यानं लिफ्ट मजल्याला टेकवली आणि धावत खाली आला. लिफ्टमधल्या स्ट्रेचरवरच्या पेशंट आजी लेकीचा हात सोडायला तयार नव्हत्या. भीतीनं त्यांची चादर ओली झाली होती. दोराचं त्यांना साहेबांकडून कळलं होतं; त्याला पाहताच त्यांनी हात जोडले. “वाचवलंस रे बाबा! दोर तुटला असता तर?”

साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

आजींची चादर बदलून लेक बाहेर आली. “बाबा, खरंच आवाज आला होता?”

हो म्हणणं सोपं होतं.

“नाही गं. तू आत आहेस कळलं आणि घाबरलो. कशाला घाबरलो, तेही सांगता येत नाही.”

“असं कधीपासून होतंय?”

“दोनेक वर्षं झाली असतील. तुझ्या आईला वाटतं, मी नुसती काळजी करतो.”

“काळजीला काहीतरी कारण असतं, बाबा. तुम्ही तर चांगली लिफ्ट बंद पाडलीत.” तिचा आवाज चढला, मग उतरला. “यावर औषध असतं. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर बसतात, चला.”

“आणि साहेब?”

“त्यांना तुम्हीच सांगायचं.”

नोकरी जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“आधी आजींना सांगतो,” तो म्हणाला. “त्यांनी मला हात जोडले.”

तो आजींच्या खोलीकडे वळला. लेकीनं पेशंटला धरतात तसा त्याचा कोपर धरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यानं हात सोडवून घेतला नाही.