रुसून जायची ठिकाणं

आमचा विश्वजीत परवा मोबाईलवर वाचून दाखवत होता, की हल्ली लोक मनःस्थिती बघून फिरायला जातात. उदास असाल तर समुद्र, चिडला असाल तर डोंगर. पोराला वाटलं, नवीन शोध लागला. त्याची आई, द्वारकाबाई, लग्न झाल्यापासून हेच करत आलीय.

राग किरकोळ असला की बजाजनगरहून करमाडला, बहिणीकडं. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन परत. राग मोठा असला की गंगापूर, म्हणजे माहेर. तिथून ती आपणहून येत नाही, मला आणायला जावं लागतं. तिचे थोरले भाऊ आप्पासाहेब मला ओट्यावर बसवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "या बारीला धाडतो, दाजी. पुढच्या बारीला नाय." मी "व्हय" म्हणायचो. मग आम्ही दोघं जीपमध्ये.

दिवाळीनंतर आप्पासाहेब गेले. वहिनी लेकाकडं पुण्याला राहायला गेल्या आणि घराला कुलूप लागलं.

अशात मी द्वारकाबाईची शिलाई मशीन भंगारात घातली. लग्नात माहेरहून आलेली. ती गंजली होती, हे माझं मत अजून कायम आहे. भंगारवाल्या रहीमभाईकडून लगोलग परतही आणली. पण राग गंगापूरचा होता. तिनं पिशवी भरली, चपला घातल्या आणि दारातच थांबली.

"कुठं जाऊ?" तिनं विचारलं.

आजवर तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं.

"करमाडला जाऊन ये," मी म्हणालो.

"करमाडचा राग नाय हा."

"मग गंगापूरलाच जा. मी येतो मागून."

"तिथं हाय कोण?"

"तू जा तर."

ती गेली. मी मागच्या जीपनं निघालो. सोबत जाऊन रुसता येत नाही.

बंद दारासमोर, ओट्यावर ती बसली होती. पिशवी मांडीवर. मी माझ्या नेहमीच्या जागी, कडेला टेकलो. चहा नव्हता. मला आप्पासाहेबांची फार आठवण आली. शेवटी तीच बोलली, भावासारखा आवाज जाड करून.

"या बारीला धाडतो, दाजी. पुढच्या बारीला नाय."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी माझ्या हातात दिली.