हरताळ वाटलेला खल

मी रंग वाटायचा एक जुना खल आहे, मित्रांनो. काळ्या दगडाचा, होडीसारखा लांबट आणि पोटात खोल. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, पळसाच्या झुडपाखाली मी पडलो आहे. येणारे-जाणारे मला पाहतात आणि पुढे जातात. तेच बरं आहे. का बरं, ते सांगतो. गोष्ट थोडी जड आहे. घरचं कुणी मोठं माणूस जवळ असेल, तर त्याच्या मांडीला टेकून ऐका.

एका पाथरवटाने मला घडवलं. टाकीने पोखरलं, मग वाळू आणि पाणी घालून इतकं घासलं, की माझ्या पोटावरून बोट फिरवलं तर ओल्या पानावरून फिरल्यासारखं वाटे. अमरावतीच्या खुशाल चिताऱ्याने मला घेतलं. चितारी म्हणजे भिंतीवर, दारावर, देवळाच्या ओवरीत चित्रं काढणारा. तो ज्या घरी कामाला जाई तिथे मलाही नेत, कारण रंग ताजा वाटावा लागे. वाटायचं काम बायकांचं. खुशालची बायको पार्वताबाई मला दोन पायांत धरून बसे आणि बत्ता फिरवी. गेरू, काजळी, नीळ, आणि पिवडी, म्हणजे आपली पिवळी माती. वरून धावड्याच्या डिंकाचं पाणी. दुपारभर तिच्या बांगड्या वाजत राहत.

मी जमिनीवर असे, म्हणून प्रत्येक चित्र मी खालून पाहिलं. माणसं आधी चेहरा पाहतात. मला आधी पाय दिसत. चेहरा पुष्कळांना साधतो, पाय फार थोड्यांना. खुशालने गवळण काढली, तर डोक्यावरच्या घागरीचं ओझं तिच्या टाचेत दिसे. त्याचा मारुती काही देखणा नव्हता, नाक तर जरा वाकडंच होतं. पण तो आता उडी घेणार, हे त्याच्या अंगठ्यावरून कळे. त्याची माणसं भिंतीवर चिकटलेली नसत. ती उभी असत.

हरताळ नावाचा एक खडा असतो. तो वाटला की सोन्यासारखा पिवळा रंग निघतो, आणि तो रंग विषारी असतो. त्याच्याबद्दल पार्वताबाईचा नेम कडक होता. घरात वाटायचा नाही, बाहेर लिंबाखाली वाटायचा. कोरडा नाही, पाण्यात. तोंडाला फडकं बांधायचं. काम झालं की मला राखेने घासून काढायचं. आणि जिच्या अंगावर पितं मूल आहे, तिने त्या रंगाला हातच लावायचा नाही. खुशाल तो वापरीही थोडा. देवाच्या मुकुटापुरता. "पिवडी हाय ना," तो म्हणे. "माती भिंतीले धरून राह्यते. हरताळ नुसता बोंबलते."

खुशाल गेला, आणि मग कापसाचे दिवस आले.

दूर अमेरिकेत लढाई पेटली. तिथला कापूस अडला, म्हणून वऱ्हाडच्या कापसावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडल्या. काल कुडाच्या घरात राहणारे दलाल आज माडी बांधू लागले. नवं घर म्हटलं की नवी भिंत, आणि नवी भिंत म्हटली की चित्र. इतकी चित्रं अमरावतीने आणि अकोल्याने आधी कधी पाहिली नव्हती. लोक म्हणत, कलेला काय दिवस आलेत! मी त्या भिंतींच्या पायथ्याशी बसलेलो होतो, मित्रांनो, म्हणून जे दिसलं ते स्पष्ट सांगतो. चित्रं फार झाली, आणि पाहण्यासारखं थोडं उरलं.

लक्ष्मी कमळावरून उठून कापसाच्या गाठोड्यावर जाऊन बसली. एका घरात बसली, म्हणून सगळ्या घरांत बसली. परवापर्यंत चुना लावणारे हात कुंचला धरू लागले. बुऱ्हाणपुराकडून एक चितारी आला, त्याला फक्त हत्ती येत. घोडा मागितला तेव्हा त्याने सोंड नसलेला हत्ती काढला, आणि मालकाने त्याला शेला दिला. आगगाडी अजून अकोल्याला पोचायची होती. पण तिला चाकं असतात आणि धूर असतो, एवढं ऐकून एकाने खाचरावर, म्हणजे बैलगाडीवर, चूल मांडलेली काढली. ते पाहायला गाव लोटलं. हसू येतं ना? मलाही आलं असतं. पण त्यातलं एकही माणूस जमिनीवर उभं नव्हतं.

आणि सगळ्यांना पिवळं हवं होतं. पिवडी दाखवली तर म्हणत, "हे तं शेणामातीवानी दिसते." ज्याच्या भिंतीवर हरताळ जास्त, तो मोठा.

खुशालचा मुलगा चंद्रभान. हात बापाचा, कदाचित बापापेक्षाही चांगला. पण पायांना वेळ लागतो. चंद्रभानने लुगड्याच्या काठाखाली फुलांची रांग काढायला सुरुवात केली, आणि पाय त्या फुलांत बुडवले. मुसलमान मोहल्ल्यातल्या घरांत कमानींवर वेली काढणारा नबी एकदा त्याच्याकडे डिंक मागायला आला. नबी सावकाश काम करी. त्याच्या वेलीला मूळ असे. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"चंद्रभान, या बाईचे पाय कोठी गेले रे?"

"फुलात हायत."

"फुलात हायत का तुया आळसात?"

"आळस नाई, नबीभाऊ. येळ नाई. लोकं दारी बसून राहिले."

"बसू दे ना. भिंत का पयून जाते?"

चंद्रभान हसला, आणि पुढच्या फुलाला लागला.

त्याची बायको मैना. त्यांची मुलगी सुभद्रा, सगळे तिला सुभी म्हणत. तेव्हा ती रांगत होती. खाली दोन दात आले होते. फरशीवर तळहात आपटत ती यायची, माझ्या पोटात तोंड घालायची आणि "आ" करायची. तिचा "आ" घुमून तिच्याकडे परत जाई, आणि ती इतकी हसे, की तोल जाऊन मागे बसे. माझ्याशी बोललेलं माणूस तेवढं एकच.

अकोल्याच्या भगवंतरावांचं बोलावणं आलं. ते कापसाचे दलाल. माडी बांधून तयार होती, अक्षयतृतीयेला वास्तुशांत होती, आणि त्याआधी भिंती रंगायला हव्या होत्या. पार्वताबाईचे गुडघे गाडीला नाही म्हणत होते, म्हणून ती मागे राहिली. गाडी हलताना तिने सुनेचा हात धरला.

"मैने, हरताळ तू वाटू नोको व. पोरगी अंगावर हाय. चंद्रभानले वाटू दे."

"हो, आत्याबाई."

अकोल्यात भगवंतरावांनी भिंत दाखवली. "लक्ष्मीचं लुगडं पिवळं. आसन पिवळं. मागचं आभाय पिवळं."

"आभाय पिवळं, मालक?"

"माह्या घरातलं आभाय हाय ते. कोण्या रंगाचं ठेवाचं ते मी पाहीन."

पहिले काही दिवस चंद्रभानने हरताळ स्वतः वाटला. पण रंग संपे लवकर, आणि वाटायला परांचीवरून उतरलं की भिंत अडे. एका सकाळी तो वरूनच म्हणाला, "मैने, आजच्या दिस वाटून दे." आणि मग तो आजचा दिवस रोजच येऊ लागला.

मैना जपत होती. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढे लोक भलतंच बोलले. ती मागच्या पडवीत बसे, तोंडाला फडकं बांधी, हरताळ पाण्यातच वाटी. वाटून झालं की कोपरापर्यंत हात धुई, लुगडं बदली, आणि मगच लेकीला घेई. तोवर सुभी भुकेने रडून लाल होई. "थांब व माय, थांब," मैना हात चोळत म्हणे. "आई अजून पिवळी हाय."

त्या दुपारी भगवंतरावांनी व्यापारी मंडळींना भिंत दाखवायला आणलं. माझ्या पोटात नुकताच वाटलेला रंग होता. चंद्रभान आतून ओरडला, "रंग तसाच राहू दे, मैने. पाहुणे उठले की लावतो." तिने माझ्यावर ओलं फडकं टाकलं. सुभी झोळीत झोपली होती. इतक्यात भगवंतरावांची मावशी, गंगूबाई, दारात आली. "मैना, ये व जराशी. पाणी द्याले हात नाई पुरून राहिले." मैनाने झोळीत डोकावून पाहिलं, आणि ती गेली.

झोळी खाली बांधलेली होती. सुभी जागी झाली, घसरून उतरली, आणि तळहात आपटत माझ्याकडे आली. तिने तोंड खाली करून "आ" केलं. माझ्यावर फडकं होतं, म्हणून आवाज परत आला नाही. तिने फडकं ओढलं.

मित्रांनो, दगडाला हाक मारता येत नाही. तिचे दोन्ही हात माझ्या पोटात बुडाले. ते तिने तोंडात घातले, पुन्हा बुडवले, आणि पुन्हा घातले. माजघरातून पाहुण्यांचे आवाज येत होते. "वा, भगवंतराव! रंग हाय का सोनं?" "सोनंच हाय, राजेहो, सोनं!"

पहिली आली ती गंगूबाई. ती दारात हसायला लागली. "अवं मैना, पाह्य तं! हळद खाल्ली व पोरीनं. नवरी दिसून राहिली नवरी." वऱ्हाडात घरात पिवळं दिसलं की ती हळदच असते, तिचा तरी काय दोष? ती पदराने पोरीचं तोंड पुसायला वाकली. मागून मैना आली. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"हळद नोहे, मावशी," ती म्हणाली. "हळद नोहे ते."

घशात बोट घातलं. दूध पाजलं, तूप पाजलं. भगवंतरावांनी स्वतःची दमणी जुंपून वैद्याला आणायला पिटाळली. ते वाईट नव्हते. पण मग ते दारात येऊन उभे राहिले आणि जमिनीकडे पाहून म्हणाले, "चंद्रभान, वास्तुशांत व्हाची हाय अजून. घरात काई झालं तं... तिले गाडीखान्यात ने. सावली हाय तिथं."

चंद्रभानने लेकीला उचललं, आणि गाडीखान्यात नेलं.

ऊन उतरल्यावर वैद्य आला. तेव्हा मैना सुभीचे तळहात धूत होती. ते केव्हाच स्वच्छ झाले होते. ती धूतच होती.

एक भिंत अजून अर्धी होती. घेतलेलं काम सोडता येत नाही, म्हणून चंद्रभान पुन्हा तिच्यासमोर जाऊन बसला. लुगड्याच्या काठाखालची जागा रिकामी होती, तिथे फुलं काढायची होती. त्याने फुलं काढली नाहीत. गेरू घेतला आणि दोन पाय काढले. लहान, गुबगुबीत, टाच अजून न टेकलेले. चालायला न शिकलेले पाय.

भगवंतराव पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "लक्ष्मीचे पाय एवढे ल्हान काऊन?"

चंद्रभान कुंचला धूत होता. "मोठे व्हाचे होते, मालक."

भगवंतराव निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्तीवाल्या चिताऱ्याला बोलावून त्या पायांवर फुलं काढून घेतली. त्या सगळ्या वर्षांत वऱ्हाडात मी पाहिलेलं खरं चित्र तेवढंच. आणि ते काढायला जे गमवावं लागलं, ते कुठल्याही चित्रासाठी गमवावं लागू नये. कला दुःखातून येते असं कुणी तुम्हाला कौतुकाने सांगितलं, तर ऐकू नका. खुशाल सुखात होता, आणि त्याला पाय येत होते.

त्या घराचं पुढे काय झालं, ते नदीवर थांबणाऱ्या गाडीवानांच्या बोलण्यातून मला कळलं. अमेरिकेतली लढाई संपली, आणि भाव कोसळले. सफेद्याला, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाला, लागून असलेला हरताळ काळा पडतो. दोन-चार पावसाळ्यांत ते पिवळं आभाळ धुरकटलं. कुणीतरी त्यावर चुना फिरवला. आता तिथे पांढरी भिंत आहे. ती निदान खोटं बोलत नाही.

अमरावतीला परत जाताना गाडी पेढीच्या उतारावर थांबली. मैना खाली उतरली. तिने मला पोटाशी धरलं होतं, जसं मूल धरतात तसं. वाळूपर्यंत येऊन तिने मला खाली ठेवलं.

"बाबाचा खल हाय तो," चंद्रभान गाडीतून म्हणाला.

"मामाजीचा हाय म्हणूनच फोडला नाई," ती म्हणाली, आणि मागे न पाहता गाडीत जाऊन बसली.

तेव्हापासून मी इथे आहे. पूर आले, गेले. पण दगडाला बारीक छिद्रं असतात, आणि वाटलेला रंग त्यांत खोल जाऊन बसतो. आज सकाळी वलगावची एक तरुण बाई धुणं धुवायला आली होती, कडेवर पोर होतं. तिने मला पायाने हलवून पाहिलं. "चांगला खल हाय व," ती सोबतिणीला म्हणाली. "चटणीले होईन. उद्या येऊन नेतो." तिचं पोर माझ्याकडे झेपावत होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागणं मागतात, की आम्हाला पुसा, सांभाळा, विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. ती बाई उद्या आली, तर तिला अडवा. मला उचलू देऊ नका, धुऊन घरी नेऊ देऊ नका. आणि पाणी ओसरल्यावर माझ्या पोटात कुठे एखादी पिवळी रेघ चमकताना दिसली, तर ती सुंदर वाटेल तुम्हाला. ती सुंदर आहेच. पण आधी पोराला मागे ओढा.