भगवंतरावांच्या उजव्या कानातली मी

मित्रांनो, मी एक जुनी कानाची मशीन आहे. शेंदूरजनाघाटला भगवंतरावांच्या कपाटात, डबीत पडून असते. महिनोन् महिने डबीला कोणाचा हात लागत नाही.

त्यांचा डावा कान पोरपणीच गेलेला. उजव्याचा साचा घेऊन अकोल्यात मला घडवलं. शेंगदाण्याएवढा माझा जीव, पण थाट केवढा! संत्र्याच्या बागेतली पाखरं, बायकोची, पार्वताबाईंची हाक, सगळं आधी मला कळे, मग त्यांना. सात वर्षं आम्ही सुखात काढली.

मग तो कान ठणकू लागला, वाहू लागला. कधी माझ्या अंगाला रक्त लागे. गावभराचे आवाज मी पोचवत होते, पण "मालक, आत काहीतरी वाढतंय" एवढं मला सांगता येईना. मी फार घाबरले होते. भगवंतराव मला पुसत आणि कानात लसणाचं तेल सोडत. असे आठ महिने गेले.

शेवटी लेक साधना त्यांना अकोल्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी आतला तुकडा तपासायला पाठवला. कानाच्या नळीतल्या कातडीचा कॅन्सर निघाला. नळी, पडदा आणि भोवतीचं हाड काढून कान कायमचा बंद करावा लागेल, असं ते म्हणाले.

घरी येऊन भगवंतराव अडून बसले. "बहिरं होऊन जगू कावून? मले नाही कापाचं."

पार्वताबाई माझ्याजवळ तोंड आणून कडाडल्या, "संत्र्याच्या खोडाले डिंक सुटला तं त्याच दिवशी सडकी साल खरवडून काढता. अन् सोताच्या कानात तेल ओतून राहिले! ऐकू नाही आलं तं मी खुणा करीन. पण तुमी पाह्यजे ना समोर!"

भगवंतरावांनी मला काढून साधनाच्या हातात ठेवलं. "चाल," म्हणाले.

ऑपरेशन झालं, पुढे किरणांचे शेक झाले. परवाच्या तपासणीत रोग कुठेच दिसला नाही. आता त्या कानात माझ्यासाठी जागा नाही आणि दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसत नाही.

मित्रांनो, कान वाहत राहिला, रक्त दिसलं, तर तेल घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मला डबीत फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आमच्या दोघींपैकी कोणीतरी एकटं पडणारच होतं. पार्वताबाई पडल्या नाहीत, हे बरं झालं.