एका हाताची भाकरी

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी काठवट आहे. भाकरीचं पीठ मळायला पिराजी सुतारांनी मला कोरलं, आणि बायडाबाई लग्न होऊन बिद्रीला आल्या तेव्हा मीही त्यांच्याबरोबर आले. त्यांच्या ज्वारीच्या भाकऱ्या पापडासारख्या पातळ असत. "असली भाकरी गावात न्हाय," असं पाहुणे म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

१९९८ साली बायडाबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. यजमान आधीच वारले होते. एकुलता मुलगा सयाजी, अजून बिनलग्नाचा, कागलच्या एमआयडीसीत कामाला जाई. एके दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी डाव्या हाताने पीठ मळायला घेतलं. मला धरायला दुसरा हात नव्हता. मी घसरत घसरत भिंतीला जाऊन आपटले, पीठ सगळं जमिनीवर सांडलं. बायडाबाई तिथेच बसून रडल्या.

मग सयाजीने दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला संघप्रियाला बोलावलं. बुद्धविहाराशेजारी राहणारी, तिशीतली, कमी बोलणारी बाई. तिची भाकरी उत्तम होत असे. तरी बायडाबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"मला भूक न्हाय."

दोन दिवस त्या चहा-बिस्किटावर राहिल्या. तिसऱ्या दिवशी संघप्रियाने सरळच विचारलं, "मावशी, माझ्या हातचं चालत न्हाय व्हय तुमास्नी?"

"तसं न्हाय गं," बायडाबाई कळवळून म्हणाल्या. "तुझी भाकरी झ्याक हाय. पर नुसतं बसून गिळायचं म्हंजे मी कामातनं गेले की!"

संघप्रियाने मला ओढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पीठ घातलं, ऊन पाणी ओतलं, आणि समोर बसून माझे दोन्ही काठ घट्ट पकडले.

"मळा. मी धरते."

डावा हात चाचपडत होता. बायडाबाईंच्या कपाळावर घाम आला. पण मी जागची हलले नाही. भाकरी जाड झाली, एका बाजूला फाटलीही. संघप्रियाने ती तव्यावर टाकून निगुतीने भाजली.

"कसली झालीया बघ," बायडाबाई लाजून म्हणाल्या.

"तुमची हाय की!"

वांग्याच्या कालवणाबरोबर त्यांनी ती सगळी खाल्ली. त्या दिवसापासून रोज एक भाकरी त्यांची, बाकीच्या संघप्रियाच्या, असा नेमच झाला.

२००६ साली चिकुनगुनियाची साथ आली. संघप्रियाची बोटं इतकी सुजली की तिला तांब्या उचलेना. तिच्या घरी करून घालणारं कुणी नव्हतं. बायडाबाईंनी सयाजीला हाक मारली.

"हिकडं बस. काठवट धर."

सयाजी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ बसला. आईने मळलं, थापलं. त्याने बोटं भाजून घेत भाकऱ्या शेकल्या, तिच्या सांगण्याबरहुकूम पिठलं ढवळलं, आणि फडक्यात बांधून सगळं घेऊन गेला. परत आला तेव्हा बायडाबाई दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाली?"

"समद्या खाल्ल्या. आन् उद्या दोन जास्त आण म्हणाली."

बायडाबाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या.

मित्रांनो, लाकूड धुऊन पुसून सावलीत वाळवलं की वर्षानुवर्षं टिकतं. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही, त्याच्याजवळ बसावं लागतं. माझ्याजवळ अशी माणसं बसली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तुमच्या घरी कुणाचे हात थकले असतील, तर आज जेवणाआधी थोडा वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसा.